गणपतीत सुरुवात, वैशाखात चषक! कॅनडातल्या पोरांची आइस हॉकी

सोलापुरात गणपतीच्या मिरवणुका निघतात त्याच सुमारास कॅनडातली सोळा ते वीस वर्षांची पोरं स्केट्स बांधून बर्फावर उतरतात. आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, त्या मे महिन्यात त्यांचा विजेता ठरतो. मधल्या आठ महिन्यांत सुमारे ६० संघ, त्यांची गावं, शाळा आणि घरं या एका खेळाभोवती फिरत असतात. या पसाऱ्याचं नाव कॅनेडियन हॉकी लीग. तिच्या पोटात वेस्टर्न, ओंटारियो आणि क्वेबेक मेरिटाइम्स अशा तीन लीग आहेत. पोरांची स्पर्धा म्हणून हिच्याकडे दुर्लक्ष करू नका. इथे इतक्या भन्नाट गोष्टी घडतात की मोठ्यांची व्यावसायिक लीग, एनएचएल, कधीकधी फिकी वाटते.

सामन्यांच्या संख्येपासूनच बघा. आयपीएलच्या साखळीत एक संघ १४ सामने खेळतो. वेस्टर्न आणि ओंटारियो लीगमध्ये प्रत्येक संघ ६८ सामने खेळतो, बाद फेरी वेगळी. हे सगळं शाळा सांभाळून! वेस्टर्न लीगमध्ये तर जितके हंगाम खेळाल तितक्या वर्षांची कॉलेजची फी मिळते.

आता साधनांकडे बघा. चेंडूऐवजी इथे पक असते, म्हणजे रबराची चकती, ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाडीची. वजन साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढं. सामन्याआधी ती चक्क गोठवून ठेवतात, कारण गार रबर कमी उसळतं. बर्फ गुळगुळीत करायला मात्र गरम पाणी लागतं! वरचा खरवडलेला थर त्याने किंचित वितळतो, खाचा भरतात आणि पुन्हा गोठताना पृष्ठभाग सपाट होतो. हे काम करणारं झांबोनी यंत्र फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली तयार केलं, तेही उन्हाच्या कॅलिफोर्नियात.

पोरगं आमचं, घर तुमचं

मला या लीगमधली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती बिलेट कुटुंबांची. सोळा वर्षांच्या पोराची निवड होते ती बऱ्याचदा घरापासून शेकडो किलोमीटर दूरच्या संघात. त्याला वसतिगृहात टाकत नाहीत. गावातलं एखादं कुटुंब त्याला आपल्या घरात ठेवून घेतं. जेवणखाणापुरती थोडी रक्कम संघाकडून मिळते, बाकी सगळी माया त्या घरची. वेळेवर उठवणं, अभ्यासाला बसवणं, हरून आल्यावर गरम जेवण वाढणं हे सगळं ती मंडळी करतात. पुढे एनएचएलमध्ये गेलेले खेळाडूही या घरांशी वर्षानुवर्षं नातं टिकवतात.

आपल्या सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते त्याच्या आगेमागे, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, तिकडे खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. मुदतीच्या आत संघांनी सौदा केला की ऐन हंगामात पोराला गाव, शाळा, घर सगळं बदलावं लागतं. कालपर्यंत ज्यांच्यासोबत खेळला, त्यांच्याविरुद्ध उद्या उतरायचं. या वयात हे सोपं नाही, आणि म्हणूनच दार उघडून उभ्या असलेल्या त्या नव्या कुटुंबाचं मोल मोठं आहे.

प्रवासही दमवणारा. प्रिन्स जॉर्जचा संघ त्याच्या सर्वांत जवळच्या प्रतिस्पर्ध्याकडे, म्हणजे कॅमलूप्सला, खेळायला निघाला तर एका बाजूचे सुमारे ५२० किलोमीटर होतात. सोलापूरहून मुंबई सुमारे ४००. आणि पोरांचा हा प्रवास बर्फाळ डोंगरी रस्त्यावरून, बसने.

या बसप्रवासाने जखमाही दिल्या आहेत. ३० डिसेंबर १९८६ ला स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजच्या बसला अपघात झाला आणि चार खेळाडू गेले. अवघ्या अडीच वर्षांत, १९८९ मध्ये, याच संघाने मेमोरियल कप, म्हणजे या लीगचा सर्वोच्च चषक, जिंकला. ६ एप्रिल २०१८ ला एक पायरी खालच्या ज्युनिअर लीगमधल्या हम्बोल्ट ब्रॉन्कोजची बस आणि ट्रक यांची टक्कर झाली आणि १६ जणांचा जीव गेला. त्या दिवसांत कॅनडाभर लोकांनी आपल्या दारात हॉकी स्टिक उभ्या करून ठेवल्या. मृतांपैकी लोगन बूले या खेळाडूने अवयवदानाची नोंदणी आधीच करून ठेवली होती; त्याच्या अवयवांमुळे सहा जणांना आधार मिळाला. ते ऐकून एक लाखाहून अधिक कॅनेडियन नागरिकांनी अवयवदानासाठी नावं नोंदवली.

गोल झाला की टेडीचा पाऊस

५ डिसेंबर १९९३ ला कॅमलूप्समध्ये एक झकास प्रथा सुरू झाली. यजमान संघाचा पहिला गोल झाला की प्रेक्षकांनी सोबत आणलेली टेडी बेअर बर्फावर फेकायची! खेळणी गोळा करून रुग्णालयांत आणि गरजू मुलांना वाटतात. २०१५ मध्ये कॅलगरी हिटमेनच्या एका सामन्यात २८,८१५ खेळणी पडली. प्रथा पुढे मोठ्यांच्या स्पर्धांतही पोचली. अमेरिकेतल्या हर्शी बेअर्सच्या सामन्यात जानेवारी २०२५ मध्ये हा आकडा १,०२,३४३ झाला. पण मूळ ज्युनिअरांचंच.

विक्रमांचं काय सांगावं! मारियो लेम्यूने १९८३-८४ च्या हंगामात ७० सामन्यांत १३३ गोल आणि एकूण २८२ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) काढले. वेन ग्रेट्झकी सोळाव्या वर्षी सू सेंट मरी संघात आला, तेव्हा त्याला त्याच्या आवडत्या गॉर्डी हाऊचा ९ क्रमांक हवा होता. तो सहकाऱ्याकडे होता, म्हणून त्याने ९९ घेतला. आज एनएचएलमध्ये हा क्रमांक कुठल्याच संघात कोणाला मिळत नाही. आणि २०१७ मध्ये एव्हरेट आणि व्हिक्टोरिया यांचा सामना पाच जादा सत्रांपर्यंत लांबला. ६० मिनिटांचा खेळ १५१ मिनिटं ३६ सेकंद चालला!

मुलीही मागे नाहीत. नोव्हेंबर १९९१ मध्ये गोलरक्षक मानों रेओम या स्तरावरच्या मुलांच्या लीगमध्ये उतरणारी पहिली महिला ठरली. २०२१ मध्ये ओंटारियो लीगच्या निवडीत पहिल्यांदाच एका मुलीचं, टाया करीचं, नाव पुकारलं गेलं. तीही गोलरक्षकच.

चषकाची कथा तर थेट युद्धभूमीशी जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये मेमोरियल कप सुरू झाला. तीन लीगचे विजेते आणि यजमान, असे चार संघ त्यासाठी झुंजतात.

आपल्या मातीचा धागाही यात आहे. कॅमलूप्सकडून खेळलेला रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये उतरणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. मॅनी मल्होत्रा ग्वेल्फ स्टॉर्मचा कर्णधार होता. २०२१-२२ मध्ये रेड डियरच्या अर्शदीप बैन्सने ११२ गुण मिळवून वेस्टर्न लीगमध्ये अव्वल स्थान पटकावलं. दक्षिण आशियाई वंशाच्या खेळाडूने हा मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. तिघांचीही मुळं पंजाबी. मराठी नाव या यादीत यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भारतात या खेळाचं घर लडाख. लेहमध्ये सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर थंडीचे मोजके महिने मुख्यतः नैसर्गिक बर्फावर खेळ चालतो. तिथल्याच मुलींच्या जोरावर भारतीय महिला संघाने २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक आणलं. इतक्या तुटपुंज्या सोयींत हे घडतं, म्हणून त्याची किंमत मला कॅनडाच्या कुठल्याही चषकाएवढी वाटते. महाराष्ट्रात बर्फ नाही, पण चाकांच्या स्केट्सवरची हॉकी इथे खेळली जाते आणि बर्फाकडे जाणारी वाट तिथूनच निघते. तुमचं पोरगं स्केटिंगच्या वर्गाला जात असेल, तर त्याच्या हातात एकदा स्टिकही द्या.

आणि कॅनडात तुमची लेक-जावई किंवा पुतण्या राहत असेल, तर सप्टेंबर ते मार्चमध्ये एक तरी ज्युनिअर सामना बघाच. तिकीट एनएचएलपेक्षा खूप स्वस्त असतं. डिसेंबरात गेलात तर आधी विचारून घ्या टेडीचा दिवस कधी आहे, आणि टेडी पिशवीत बांधून न्या, म्हणजे बर्फावर भिजणार नाही.