जोड्यांची परीक्षा : आज्ञावलीच्या चाचणीसाठी साधन कसे निवडावे

घड्याळ, शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप तयार करणारा कारागीर आपला माल गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी तो चालवून पाहतो. संगणकाला काम सांगणारी आज्ञावली, जिला सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात, तीही अशीच पारखून घ्यावी लागते. मात्र आज्ञावली झिजत नाही आणि तिला गंजही चढत नाही. तिच्यातील दोष रचनेच्या वेळीच राहून गेलेला असतो व विशिष्ट परिस्थिती जुळून येईपर्यंत तो दडून बसतो. ती परिस्थिती आधीच मुद्दाम जुळवून आणणे आणि दोष उजेडात आणणे हे परीक्षकाचे काम होय.

बंगळुरू शहरात हे काम फार मोठ्या प्रमाणावर चालते. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस कंपनी १९८३ साली त्या शहरी गेली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने तेथे आपले केंद्र उघडले. पुढील चाळीस वर्षांत बँका, कारखाने, रुग्णालये आणि दूरध्वनीसेवा यांच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांचे व तपासणाऱ्यांचे ते एक प्रमुख नगर बनले. तेथील परीक्षकांपुढे नित्य उभा राहणारा एक प्रश्न वरकरणी साधा आहे : शक्यता असंख्य आणि वेळ थोडा, तर कोणत्या चाचण्या घ्याव्यात?

एक्याऐंशीऐवजी नऊ

उदाहरणासाठी बंगळुरूच्या एखाद्या स्थानकावर ठेवण्याजोगे एक तिकीट-यंत्र कल्पनेत आणावे. त्याची भाषा कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी असू शकते. तिकीट एकेरी, परतीचे किंवा समूहाचे निघते. पैसे रोख, कार्डाने किंवा मोबाइलवरून भरता येतात. पावती कागदी मिळते, मोबाइलवर संदेशरूपाने मिळते किंवा घेतलीच जात नाही. येथे घटक चार असून प्रत्येकाची मूल्ये तीन आहेत. म्हणून एकंदर शक्यता ३ × ३ × ३ × ३, म्हणजे ८१ होतात. घटक तेरा झाले तर हीच संख्या १५,९४,३२३ वर जाते. मिनिटाला एक याप्रमाणे रात्रंदिवस चाचण्या घेतल्या तरी एवढ्या चाचण्यांना तीन वर्षांहून अधिक काळ लागेल.

यातून वाट काढण्यासाठी पुढील विचार केला जातो. पुष्कळसे दोष एकाच मूल्यामुळे प्रकट होतात; उदाहरणार्थ, कार्ड मुळीच चालत नाही. बाकीच्यांपैकी बरेच दोष दोन मूल्ये एकत्र आल्यावर प्रकट होतात. उदाहरणार्थ, कार्डही चालते, परतीचे तिकीटही निघते, परंतु कार्डाने परतीचे तिकीट काढताच यंत्र अडते. तेव्हा सर्व चौकड्या तपासण्याचा हट्ट सोडून प्रत्येक जोडी निदान एकदा तपासली जाईल अशी व्यवस्था केली तर? पुढील नऊ चाचण्या तेवढे काम करतात :

१. कन्नड, एकेरी, रोख, कागदी पावती
२. कन्नड, परतीचे, कार्ड, संदेश
३. कन्नड, समूहाचे, मोबाइल, पावती नाही
४. हिंदी, एकेरी, कार्ड, पावती नाही
५. हिंदी, परतीचे, मोबाइल, कागदी पावती
६. हिंदी, समूहाचे, रोख, संदेश
७. इंग्रजी, एकेरी, मोबाइल, संदेश
८. इंग्रजी, परतीचे, रोख, पावती नाही
९. इंग्रजी, समूहाचे, कार्ड, कागदी पावती

वाचकाने कोणतीही जोडी मनात धरून पाहावी. ती या यादीत एकदाच आढळेल. याचा हिशेबही सोपा आहे. चार घटकांतून दोन-दोन निवडण्याचे प्रकार सहा. प्रत्येक प्रकारात मूल्यांच्या जोड्या नऊ. म्हणून एकूण जोड्या ५४. एका चाचणीत सहा जोड्या तपासल्या जातात आणि नऊ चाचण्यांत ५४. एकही जोडी सुटत नाही आणि एकीचीही पुनरुक्ती होत नाही.

शेतातून संगणकाकडे

अशा समतोल मांडणीस गणितात ‘ऑर्थोगोनल अ‍ॅरे’ म्हणतात. तिचे सामान्य गणित भारतात उभे राहिले. आजच्या कर्नाटकातील हूविन हडगली येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करीत असताना १९४०च्या दशकात ते मांडले. त्या काळी प्रश्न आज्ञावल्यांचा नव्हता. बियाणे, खत, पाणी अशा अनेक घटकांचा परिणाम थोड्या प्रयोगांतून कसा जोखावा, अशा स्वरूपाचा तो होता.

याच विषयाशी एका मराठी गणितज्ञाचे नाव निगडित आहे. वरील यादीच्या मुळाशी एकमेकांशी जुळणारे दोन ‘लॅटिन चौरस’ आहेत. ज्या चौकटीच्या प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येते, तिला लॅटिन चौरस म्हणतात. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले असता चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच दिसली, तर ते परस्परांशी जुळले असे समजतात. ६ × ६ चे असे दोन चौरस सापडत नाहीत हे पाहून ऑयलरने १७८२ साली असे अनुमान केले की, ६, १०, १४, १८ या क्रमातील कोणत्याही संख्येसाठी ते मिळणार नाहीत. सहाच्या बाबतीत त्याचे म्हणणे खरे ठरले. परंतु १९५९ साली राज चंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचे चौरस रचून दाखविले व सहाच्या पुढे हे अनुमान कोठेच टिकत नाही हे सिद्ध केले. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले.

या शुद्ध गणिताचा व्यवहाराशी संबंध थेट पोहोचतो. प्रत्येकी दहा मूल्ये असलेल्या चार घटकांच्या १०,००० शक्यता असतात. त्यांतील सर्व जोड्या १०० चाचण्यांत तपासता येतात, याचे कारण दहाचे ते दोन चौरस अस्तित्वात आहेत. उलट, सहा मूल्यांच्या चार घटकांना ३६ चाचण्या पुरत नाहीत, एक अधिक घ्यावी लागते. कारण सहाचे तसे चौरस नाहीत.

जपानचे गेनिची तागुची १९५४-५५ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते. पुढे त्यांनी या सारण्यांचा उपयोग कारखान्यांतील मालाची गुणवत्ता सुधारण्यासाठी केला. १९८०च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत माधव फडके यांनी तागुचींची पद्धत पुढे नेली आणि १९९२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका टपाल-आज्ञावलीची परीक्षा या सारण्यांच्या आधारे कशी घेतली याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याआधी १९८५ साली रॉबर्ट मँडल यांनी ‘एडा’ या संगणकीय भाषेच्या कंपायलरच्या चाचणीसाठी लॅटिन चौरस वापरले होते.

साधनांची निवड

प्रत्यक्षात मात्र घटकांची मूल्ये सारख्या संख्येने येत नाहीत. एका घटकास दोन, दुसऱ्यास पाच, तिसऱ्यास अकरा मूल्ये असतात व त्यांना अचूक बसणारी समतोल सारणी बहुधा उपलब्ध नसते. तेव्हा प्रत्येक जोडी ‘एकदाच’ येण्याची अट सोडून ‘निदान एकदा’ आली म्हणजे पुरे असे मानतात. असा संच हाताने तयार करणे कष्टाचे असल्याने ते कामही संगणकाकडे सोपविले जाते. बहुतेक साधनांची रीत अशी की, अद्याप न तपासलेल्या जास्तीत जास्त जोड्या जिच्यात येतील ती चाचणी प्रथम निवडावी, मग दुसरी, मग तिसरी, आणि जोड्या संपेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. ही रीत झटपट आहे. परंतु तिने मिळालेला संच सर्वांत लहानच असेल अशी खात्री नसते.

अशी साधने अनेक आहेत. बेलकोर या संस्थेने १९९०च्या दशकात ‘एईटीजी’ तयार केले. मायक्रोसॉफ्टचे ‘पिक्ट’ सर्वांना विनामूल्य मिळते. अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था ‘निस्ट’ आणि टेक्सास विद्यापीठाची आर्लिंग्टन शाखा यांनी मिळून ‘ॲक्ट्स’ सिद्ध केले. नवशिक्या परीक्षकाची पहिली प्रवृत्ती या साधनांची तुलना चाचण्यांच्या संख्येवरून करण्याची असते. तेरा घटक व प्रत्येकी तीन मूल्ये या नेहमीच्या उदाहरणास एक साधन १५ चाचण्या देते, तर दुसरे १८. पण जेथे सोळा लाखांच्या आसपास असलेल्या शक्यता दीड डझनावर आल्या, तेथे तीन चाचण्यांचा फरक तो काय? निवडीची खरी कसोटी निराळी आहे.

ती कसोटी तिकीट-यंत्राच्याच उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, रोख पैसे भरणाऱ्याचा मोबाइल क्रमांक यंत्राला ठाऊक नसतो. म्हणून ‘रोख’ व ‘संदेश’ ही जोडी घडूच शकत नाही. जे साधन असे निर्बंध जाणत नाही, ते सहावी चाचणी पुढे करणारच. परीक्षक म्हणेल, ही अशक्य आहे, आणि तीवर काट मारील. परंतु तिच्याबरोबर हिंदी व समूहाचे, हिंदी व रोख, समूहाचे व रोख, हिंदी व संदेश, समूहाचे व संदेश या पाच शक्य जोड्याही तपासणीतून निसटतात. निर्बंध जाणणारे साधन सहावीच्या जागी दोन चाचण्या घालते : ‘हिंदी, समूहाचे, रोख, कागदी पावती’ आणि ‘हिंदी, समूहाचे, कार्ड, संदेश’. चाचण्या नवाच्या दहा होतात. पण जोडी एकही सुटत नाही. येथे लहान यादी वाईट आणि मोठी यादी चांगली ठरते.

म्हणून साधन निवडताना पुढील गोष्टी विचारात घ्याव्यात. अशक्य जोड्या त्याला सांगता येतात काय? व्यवहारात हमखास येणाऱ्या किंवा पूर्वी दोष दाखविणाऱ्या चाचण्या आधीच ठरवून दिल्यास उरलेली यादी ते त्यांभोवती रचते काय? तीच माहिती दिली असता प्रत्येक वेळी तीच यादी मिळते काय? कारण तसे नसेल तर सापडलेला दोष दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणे अवघड जाते. आणि शेवटी, जोड्यांऐवजी तीन-तीन किंवा चार-चार मूल्यांचे गट तपासण्याची सोय त्यात आहे काय? पिक्ट व ॲक्ट्स ही दोन्ही साधने निर्बंध पाळतात आणि जोडीच्या पुढेही जातात.

या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व आकड्यांवरून कळते. ‘निस्ट’च्या संशोधकांनी प्रत्यक्ष दोषांच्या नोंदी तपासल्या. वैद्यकीय उपकरणांतील ९७ टक्के दोष एका किंवा दोन घटकांनी उघड होणारे होते. पण आंतरजाल पाहण्याच्या एका आज्ञावलीत हे प्रमाण ७६ टक्केच भरले. त्यांनी तपासलेल्या नोंदींत सहापेक्षा अधिक घटक एकत्र यावे लागले असा दोष मात्र आढळला नाही. तात्पर्य, जोड्यांची परीक्षा ही चांगली सुरुवात आहे. ती अभयपत्र नव्हे.

साधनाला जे कळत नाही

१९८५ ते १९८७ या काळात ‘थेरॅक-२५’ नावाच्या किरणोपचार-यंत्राने अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक किरणमात्रा दिली, आणि त्यांतील काही दगावले. टेक्सास राज्यातील टायलर येथे १९८६ साली घडलेल्या दोन अपघातांचे कारण पुढे उलगडले. यंत्रचालिकेने उपचाराचा प्रकार चुकून एक लिहिला व लगेच दुरुस्त करून दुसरा लिहिला. अशी दुरुस्ती एरव्ही निर्धोक होती. भराभर टंकलेखन करणेही निर्धोक होते. परंतु ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली की यंत्राची मांडणी विसंगत राही. रुग्णालयातील भौतिकीतज्ज्ञाने यंत्रचालिकेच्या साहाय्याने तेच बदल त्याच वेगाने पुनःपुन्हा करून पाहिले, तेव्हा दोष हाती लागला.

हा दोष दोन गोष्टींच्या जोडीचाच होता. तरी कोणत्याही साधनाने तो आपण होऊन शोधला नसता. कारण ‘लिहिण्याचा वेग’ हा एक घटक आहे, हे साधनाला कोणीतरी सांगावे लागते. घटक कोणते, त्यांची मूल्ये कोणती, कोणत्या जोड्या अशक्य, हे तीन निर्णय माणसाचे आहेत. त्याशिवाय चौथाही एक आहे : चाचणीचे योग्य उत्तर कोणते असावे, हेही साधनास ठाऊक नसते. यादीतील आठवी चाचणी घेतल्यावर यंत्राने परतीच्या तिकिटाचे पैसे बरोबर घेतले की नाही, हे पारखणारा माणूसच हवा.

जोड्यांचा हिशेब साधन बिनचूक करते व परीक्षकाचा वेळ वाचविते. तो वाचलेला वेळ यंत्र वापरणारे लोक पाहण्यात, घाईत असलेला प्रवासी व थकलेली परिचारिका त्याच्याशी कशा वागतील याचा विचार करण्यात खर्च व्हावा, यासाठीच साधनाचा उपयोग. ज्या साधनात हा विचार नीट उतरविता येतो, ते निवडावे. त्याची यादी चार ओळींनी लांब असली तरी हरकत नाही.