परदेशांतील शेतीची सहल व मोबाईलचें सिम

आमच्या भांडगांवाकडून परदेशची शेती पाहण्यास जाणारे बागाईतदार तिकिटाची व गरम कपड्यांची चौकशी महिनाभर अगोदर करतात. मोबाईलच्या डेटाची मात्र विमानतळावर. आम्हींहि तेंच केलें.

नेदरलँड्समध्यें आल्समेर येथील फुलांचा लिलाव पाहण्यास गेलों, तेव्हां तेथलेंच सिम घेतलें. पुढें जर्मनींत तें निर्वेध चाललें. कारण युरोपीय संघांत १५ जून २०१७ पासून एका सभासद देशाचें सिम दुसऱ्यांत सामान्यतः घरच्याच दरानें चालतें. स्वित्झर्लंडांत मात्र गोठ्यांचीं दोन चलच्चित्रें नातवंडांस धाडलीं आणि शिल्लक रक्कम पार संपली. तो देश संघाचा सभासद नाहीं, सबब तेथें हा नियम नाहीं. हद्द ओलांडली कीं आकार बदलतो, हें जन्मभर गटवार आकारणी लिहिलेल्या आम्हांस सुचूं नये !

खरी अडचण निराळीच झाली. आमचें भारतांतील सिम काढून पेटींत ठेवलें होतें. पीककर्जाचा हप्ता भरतेवेळीं बँकेचा ओटीपी त्यावरच येणार! यास्तव दोन सिमांचा फोन न्यावा. फोनास सोय असल्यास परदेशचें ई-सिम घरबसल्या घेतां येतें, म्हणजे जुनें काढावेंच लागत नाहीं. निघण्यापूर्वीं जुन्या नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावें, परंतु त्याचा डेटा बंद ठेवावा. येणाऱ्या संदेशांस बहुधा आकार पडत नाहीं. योजनेच्या कागदांत ‘युरोप’ असें मोघम लिहिलें असल्यास देशांचीं नांवें विचारून घ्यावीं.