तीन फितींचा हवालदार

बाहीवर तीन फिती म्हणजे हवालदार. चिलखती दलात हाच दर्जा दफादाराचा, हवाई दलात सार्जंटचा, नौदलात पेटी ऑफिसरचा. कागदावर हे पद मधले. पण पायदळाची लढाई याच मधल्या फळीवर उभी असते, असे माझे ठाम मत आहे. साधारण दहा जवानांचे सेक्शन त्याच्या हाती असते. कोणाचा पाय बुटाने सोलला आहे, घरच्या काळजीने कोण खचला आहे, हे सर्वांत आधी त्याला कळते. नवा लेफ्टनंट पलटणीत येतो, तेव्हा कामाचे बारकावे तो याच अनुभवी माणसाकडून शिकतो.

यावर कोणी म्हणेल, बेत अधिकारी आखतात, हवालदाराने तो फक्त पाळायचा. बेत अधिकाऱ्यांचाच असतो, हे खरे. पण गोळीबार सुरू झाला की दर क्षणी वर विचारायला सवड नसते. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या आघाडीवर अब्दुल हमीद कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. शिधा, कपडे, दारूगोळ्याचा हिशेब हे त्या हुद्द्याचे नेहमीचे काम. पॅटन रणगाडे चालून आले, तेव्हा जीपवरची रिकॉइललेस तोफ घेऊन ते बगलेला गेले आणि जागा बदलत रणगाडे फोडत राहिले. तिथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १९४४ मध्ये इटलीत सगळे सेक्शन कोसळल्यावर शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेलेले मराठा पलटणीचे यशवंत घाडगे तर नाईक होते, हवालदाराच्याही एक पायरी खाली.