द्विकर्मक क्रियापदांचा कर्मणी प्रयोग आणि ग्रहीत्याचे स्थान

तंजावरच्या मराठी राज्याविषयीचे इंग्रजी लेखन मराठीत आणताना एक व्याकरणिक अडचण वारंवार उपस्थित होते. 'द कंपनी ग्रँटेड सरफोजी ॲन अलाउअन्स' या कर्तरी वाक्यावरून इंग्रजीत दोन कर्मणी वाक्ये संभवतात: 'सरफोजी वॉज ग्रँटेड ॲन अलाउअन्स' आणि 'ॲन अलाउअन्स वॉज ग्रँटेड टू सरफोजी'. पहिल्यात ग्रहीता उद्देश्य होतो, दुसऱ्यात दिलेली वस्तू. मात्र कर्तरी वाक्यात ग्रहीता 'टू'वाचून क्रियापदालगत येऊ शकत असेल, तरच पहिला पर्याय उपलब्ध होतो. म्हणून 'एक्स्प्लेन'सारख्या क्रियापदास तो नाही. प्राचीन इंग्रजीत ग्रहीता चतुर्थीतच राहत असे. पुढे विभक्तिप्रत्यय झिजल्यावर त्यास उद्देश्यपद प्राप्त झाले.

संस्कृत व्याकरणाने या प्रश्नाची व्यवस्था धातुगणिक लावली आहे. 'प्रच्छ्' इत्यादी धातूंच्या कर्मणी प्रयोगात गौण कर्म प्रथमेत येते ('शिष्येण गुरुः धर्मं पृच्छ्यते'), तर 'नी' इत्यादींच्या प्रयोगात प्रधान कर्म ('भारः ग्रामं नीयते'). 'दा' धातूचा ग्रहीता मात्र कर्म नसून संप्रदान होय. 'शिष्याय ग्रन्थः दीयते' येथे त्याची चतुर्थी ढळत नाही.

मराठीची रीत या शेवटच्या प्रकाराची आहे. 'कंपनीने सरफोजींना तनखा दिला' येथे क्रियापद 'तनखा' या पदाच्या लिंगवचनानुसार चालते. आपली व्याकरणपरंपरा यासच कर्मणी प्रयोग म्हणते. इंग्रजी 'पॅसिव्ह'ला अधिक जवळची रचना म्हणजे 'कंपनीकडून सरफोजींना तनखा देण्यात आला'. दोहोंत 'ना' हा प्रत्यय कायम राहतो; 'सरफोजी तनखा दिले गेले' हे मराठी वाक्यच नव्हे. तमिळमध्येही 'अवनुक्कुप् पुत्तगम् कोडुक्कप्पट्टदु' या रचनेत ग्रहीत्याचा 'क्कु' सुटत नाही. वंशाने भिन्न असलेल्या या दोन भाषा येथे एका बाजूस आहेत आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूस.

या भेदाचा परिणाम अर्थनिर्णयावर होतो. 1799 च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजींकडे तंजावरचा किल्ला आणि वार्षिक तनखा उरला. या तनख्यात एक लक्ष पॅगोडांखेरीज राज्याच्या निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा होता. 'सरफोजी वॉज ग्रँटेड' या रचनेत राजा लाभार्थी म्हणून अग्रभागी येतो, दाता अनुक्त राहतो. आणि जे दिले ते त्याच्याच राज्याच्या उत्पन्नातले होते, ही गोष्ट दृष्टिआड होते. अनुवादकाने 'सरफोजींना तनखा मिळाला' असे लिहिल्यास दात्याची अपेक्षाही उरत नाही. 'देण्यात आला' या रचनेत दाता अनुक्त असला तरी 'कोणाकडून?' हा प्रश्न शिल्लक राहतो. 'शब्दशः' व 'स्वैर' या कोटींनी या दोन अनुवादांची तुलना पुरी होणार नाही. मूळ वाक्याने झाकलेला दाता अनुवादात किती उघड ठेवला, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागेल.