बसते ती लेन्स जुळतेच असे नाही

फिल्मच्या काळातील एखादी लेन्स घरच्या कपाटात सापडली, की ती डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल का, असा प्रश्न पडतो. बाजारात जोडकडी मिळते, लेन्स बसतेही. परंतु बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे. हा फरक आपल्या नाणेघाटाच्या उदाहरणाने चांगला समजतो.

लेन्सची बैठक आणि फिल्म यांमधील अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. प्रॅक्टिका, जुने पेंटॅक्स यांच्या आट्यांच्या लेन्सला ते ४५.४६ मि.मी. लागते, निकॉनमध्ये ते ४६.५ आहे. म्हणजे कडीची जाडी शून्य धरली, तरी लेन्स सुमारे एक मि.मी. पुढेच राहते. एवढ्याने ५० मि.मी.च्या लेन्सला जवळजवळ अडीच मीटरपलीकडचे काही नेमके टिपता येत नाही. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी अक्षरे भिंतीजवळून टिपली तर रेखीव येतील. पण बाहेर येऊन जीवधनाकडे कॅमेरा वळवला, की सारे धूसर! कॅनन ईओएसचे अंतर ४४ मि.मी. आहे. तेथे सुमारे दीड मि.मी. जागा उरते, तीत कडी मावते आणि जीवधनही स्पष्ट येतो. आरसा नसलेल्या सोनी कॅमेऱ्यात तर हे अंतर अवघे १८ मि.मी. आहे.

इतर कंपन्यांनी ही अडचण ओळखली होती. तामरॉनने बदलता येणारी बैठक काढली : लेन्स तीच, मागचा भाग कॅमेऱ्याप्रमाणे.

परंतु अंतर जुळले म्हणजे सर्व साधले असे नाही. निकॉनने १९७७ साली लेन्सचे छिद्र कॅमेऱ्याला कळवण्याची रीत बदलली. त्यापूर्वीची लेन्स नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांवर जोराने बसवल्यास आतील नाजूक खिट्टी मोडू शकते. कॅननने १९८७ पासून हे काम विजेच्या संदेशांवर सोपवले. म्हणूनच सिग्माच्या काही जुन्या लेन्स डिजिटल कॅननवर बसतात. पण छिद्र लहान करताच कॅमेरा चूक दाखवून थांबतो.

एक लाभही आहे. अनेक डिजिटल कॅमेऱ्यांतील संवेदक फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. अशा निकॉनवर १३५ मि.मी.ची लेन्स सुमारे २०० मि.मी.इतकेच दृश्य दाखवते. आहुप्याच्या रानात शेकरू टिपणाऱ्याला ते सोयीचेच!

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, जुनी लेन्स टाकू नका आणि घाईने विकतही घेऊ नका. अंतर, छिद्राची जोडणी आणि विजेचे संदेश या तीन गोष्टी आधी तपासा. मगच खिशात हात घाला.