हाताचा कारभार आणि डोळ्यांची देखरेख

पनवेल स्थानकाबाहेरच्या टपरीवर ओळीने मांडलेल्या वाफाळत्या पेल्यांपैकी एक उचलण्यासाठी जो हात पुढे होतो, त्याच्या धन्याला आपण काही असामान्य कृत्य करीत आहोत असे स्वप्नातही वाटत नाही. त्याचे कान गाडीच्या उद्घोषणेकडे लागलेले असतात. परंतु पेला किती अंतरावर आहे, केवढा रुंद आहे, काठाशी धरावा की बुडाशी, या सर्व बाबींची तजवीज त्या सेकंदभराच्या अवधीत झालेली असते, आणि ती बव्हंशी डोळ्यांनी केलेली असते. इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाचे मायकेल लँड यांनी चहा करणाऱ्या माणसांच्या नजरेचा मागोवा घेऊन १९९९ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, नजर वस्तूवर हाताच्या सुमारे अर्धा सेकंद आधी पोचते आणि हाताचे काम पुरते आटोपण्यापूर्वीच पुढच्या वस्तूकडे वळते.

हात वस्तूपर्यंत नेणे हे एक काम आणि तिच्या आकाराजोगी बोटांची पकड सिद्ध करणे हे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात, हे फ्रान्समधील ल्यों येथील मार्क झानरो यांनी चार दशकांपूर्वी दाखवून दिले. हात वाटेवर असतानाच अंगठा आणि तर्जनी यांतील अंतर वाढू लागते, साधारणपणे दोनतृतीयांश अवधी उलटला म्हणजे ते वस्तूच्या रुंदीहूनही अधिक होते, आणि तेथून पुढे बोटे मिटत जातात. सुपारी उचलताना हे अंतर थोडे, आंबा उचलताना पुष्कळ. पण दोन्ही वेळी ते स्पर्श होण्यापूर्वीच मुक्रर झालेले असते.

एकदा हुकूम सुटला म्हणजे डोळ्यांचे काम संपले, असेही नव्हे. रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९९ साली माणसांकडून ठेक्यावर रेघा ओढवून घेतल्या, तेव्हा असे आढळले की, संथ गतीत उघड्या डोळ्यांनी रेघ अचूक येते, परंतु गती फार वाढविली की डोळे उघडे असोत वा मिटलेले, चूक सारखीच होते. कारण पाहून दुरुस्ती करण्यास जो वेळ लागतो, तोच मग उरत नाही. ल्यों येथेच १९८६ साली झालेल्या प्रयोगात, नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर झेप घेत असता लक्ष्यस्थानीचा दिवा किंचित सरकविण्यात आला. तो सरकल्याचे कोणाच्याही ध्यानात आले नाही, आणि तरीही प्रत्येकाचा हात वाटेतच वळून नव्या जागी पोचला. म्हणजे जाणिवेला ज्याची वार्ता नाही, तेही हाताला कळते.

याचा सर्वांत विस्मयकारक दाखला एका स्त्रीने दिला, जिचे नाव शास्त्रीय वाङ्मयात केवळ ‘डी. एफ.’ या आद्याक्षरांनी नोंदलेले आहे. १९८८ साली इटलीत स्नान करीत असता, सदोष वायू-उष्णकातून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने तिच्या मेंदूस इजा झाली. उभी फट आणि आडवी फट यांतला भेद तिला सांगता येईना. पण त्याच फटीत पत्र टाकावयास सांगितले की तिचा हात मनगटाशी नेमका वळून पत्र आत सरकवी. तिला तपासणारे संशोधक गुडेल, मिल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. याच्या नेमके उलट प्रकरण बुडापेस्टच्या रुडॉल्फ बालिंट यांनी १९०९ साली नोंदविले होते: वस्तू ओळखता येते, परंतु तिच्याकडे नेलेला हात चुकतो. वस्तू ओळखणे आणि हाताला वाट दाखविणे यांची खाती मेंदूत बव्हंशी निराळी असून, त्यांपैकी दुसरे माथ्याच्या मागल्या बाजूच्या पार्श्विक भागाकडे आहे, असे मत या दोन नोंदींवरून दृढ झाले.

बोटे पेल्याला टेकली की मात्र अंमल बदलतो. पेला निसटू नये आणि फुटूही नये एवढाच दाब देणे हे बोटांच्या टोकांच्या त्वचेचे काम आहे. स्वीडनमधील योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ च्या सुमारास दाखविले की, पकडीचा दाब घसरण्याच्या मर्यादेहून थोडाच अधिक ठेवला जातो, आणि बोटांची टोके औषधाने बधिर केली की पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरबरीत यानुसार हा दाब बदलेनासा होतो. डोळ्याला पेला दिसतो, त्याचे घसरणे मात्र उशिरा दिसते.

हे प्रयोगशाळेत घटकाभर घडविलेले बधिरत्व ज्यांच्या वाट्याला आयुष्यभर आले, अशा माणसांसाठी पनवेल तालुक्यातील नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ अनेक दशके कार्य करीत आहे. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली शोधलेला कुष्ठाचा जंतू त्वचेलगतच्या, तुलनेने थंड राहणाऱ्या मज्जातंतूंत वस्ती करतो. कोपराच्या आतील बाजूने जाणारा तंतू बिघडला म्हणजे करंगळी व अनामिका वाकून बधिर होतात. पुष्कळ काळ समज असा होता की, या रोगात बोटे आपोआप झडतात. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी तो खोडून काढला: बोटे झडत नाहीत, ती इजांनी जातात. तव्याचा चटका, कुलपात जोराने फिरविलेली किल्ली, इतकेच काय, निजलेल्या रुग्णाची बोटे उंदरांनी कुरतडणे, यांपैकी काहीच त्याला जाणवत नाही, आणि झोपेत तर पाहणारे डोळेही मिटलेले असतात.

म्हणून अशा रुग्णांना जी शिस्त शिकविली जाते, तिचे सार हेच की, त्वचेची कामगिरी डोळ्यांनी अंगावर घ्यावी: गरम भांडे नुसत्या हाताने न धरता फडक्याने वा लाकडी मुठीने धरावे, अवजार धरल्यावर पकडीकडे पाहत राहावे, आणि रोज दोन्ही हात निरखून फोड किंवा जखम शोधावी. ही देखरेख अखंड ठेवणे अतिशय कष्टाचे आहे. आणि हाच रोग काही जणांच्या पापण्यांची मिटण्याची शक्ती व बुबुळाची संवेदना हिरावून घेऊन दृष्टीलाही धोका पोचवितो, तेव्हा दोन्ही मार्ग एकदमच बंद होण्याची भीती असते.

मृत झालेला मज्जातंतू औषधाने परत येत नाही, परंतु तो मरण्यापूर्वी रोग थांबविता येतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तेथे स्पर्श कळेनासा झाला, तर संकोच न बाळगता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो, आणि तो रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पुरा होतो.