नकाशाच्या घरांतील अंक व त्यांची दुरुस्ती

संगणकावरील नकाशे दोन प्रकारचे असतात. एकांत नद्या, वाटा व गांवें रेषा आणि बिंदु यांनीं दाखविलेलीं असतात. दुसऱ्यांत सर्व प्रदेश बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें सारख्या घरांत विभागून प्रत्येक घरांत एक अंक लिहिलेला असतो. या दुसऱ्या प्रकारास रास्टर म्हणतात. पडद्यावर दिसणारे रंग हें त्या अंकांचें केवळ दर्शन होय. रंग बदलले म्हणून अंक बदलत नाहींत. प्रस्तुत लेखाचा विषय खुद्द अंक बदलणें हा आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांस तो दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु मूळ पोथीवर शाई चालविण्याचा अधिकार कोणास व कितपत, हा त्यांचाच जुना प्रश्न येथें निराळ्या वेषांत उभा राहतो.

उदाहरणासाठीं जावळीचा मुलूख घेऊं. १६५६ सालीं शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली तेव्हां कोयनेचें खोरें मोकळें होतें. आज त्याचा मोठा भाग शिवसागर जलाशयाखालीं आहे. या प्रदेशाच्या उंचीचा सहज मिळणारा रास्टर म्हणजे एस्.आर्.टी.एम्. फेब्रुवारी २००० मध्यें एन्डेव्हर या अवकाशयानानें अकरा दिवसांच्या सफरींत रडारनें केलेल्या मोजणीवरून तो सिद्ध झाला. उत्तर अक्षांश १७ ते १८ व पूर्व रेखांश ७३ ते ७४ या चौकोनाच्या फाइलींत ३६०१ गुणिले ३६०१, म्हणजे १,२९,६७,२०१ घरें असून प्रत्येक घराची बाजू सुमारें ३० मीटर भरते. सर्व्हे ऑफ इंडियाचा ४७ जी हा चौकोनही नेमका हाच. ही सोय आयतीच झाली आहे.

या फाइलींत इतिहासाभ्यासकास दोन वैगुण्यें आढळतात. पहिलें लोपाचें. सह्याद्रीसारख्या तुटलेल्या कड्यांवर रडारचा किरण पोंचला नाहीं तेथें मूळ फाइलींत उणे ३२७६८ हा सांकेतिक अंक आहे. जुना नकलनवीस न लागलेल्या अक्षरांची जागा कोरी सोडी, तसाच हा प्रकार. हा संकेत खरी उंची समजून गणित केलें तर कड्यापाशीं पाताळ दिसेल. त्याच्या जागीं शून्य लिहिलें तर तेथें समुद्रसपाटी येईल. कोरी जागा ही कोरी म्हणूनच नोंदविली पाहिजे. दुसरें वैगुण्य अधिक फसवें आहे. रडार पाण्यांतून तळ पाहूं शकत नाहीं, व दुरुस्त आवृत्तींत तर मोठ्या जलाशयांचें पृष्ठ एकाच उंचीचें केलें आहे. धरण पायापासून सुमारें १०३ मीटर उंच आहे, यावरून त्या सपाट पृष्ठाखालीं केवढें खोरें दडलें आहे याची कल्पना यावी. येथें लोप दिसत नाहीं; प्रक्षिप्त पाठ मूळ म्हणून वाचला जातो. (वासोट्याभोंवतींच्या दाट रानांत आलेली उंची निव्वळ जमिनीची नसून तींत झाडांच्या शेंड्यांचाही अंश आहे, हा आणखी एक घोटाळा, त्याचा विचार येथें करीत नाहीं.)

बुडालेलें खोरें परत मिळविण्यासाठीं धरणापूर्वीचे एक इंचास एक मैल प्रमाणाचे नकाशे उपयोगी पडतात. त्यांवरील समोच्च रेषा उतरून घेऊन मधल्या घरांची उंची काढावी. मात्र जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलकावर व नवा रास्टर डब्ल्यू.जी.एस्. ८४ या मानावर आधारलेला असल्यामुळें दोहोंचीं स्थानें आधीं जुळवून घेतलीं पाहिजेत. उंचीही फुटांतून मीटरांत आणावी. २००० फुटांच्या रेषेचे ६०९.६ मीटर होतात. परंतु या फाइलीच्या घरांत पूर्णांकच मावतो, म्हणून तो अपूर्णांक मुकाट्यानें नाहींसा होईल. तेव्हां प्रथम दशांशयुक्त अंक धारण करणारी प्रत तयार करावी.

क्यूजीआयएस या मोफत कार्यक्रमांत पुढील काम दोन रीतींनीं करतां येतें. सेर्व्हल नांवाच्या प्लगइननें एकेक घर निवडून त्यांत हवा तो अंक घालतां येतो. हा अंक फाइलींतच लिहिला जातो. दुसरें साधन रास्टर कॅल्क्युलेटर. तें नियमानुसार सर्व घरांचें गणित करून निकाल नव्या फाइलींत देतें. थोड्या घरांस पहिली रीत सोयीची असली तरी माझा कल दुसरीकडे आहे, कारण तींत मूळ प्रत अबाधित राहते व वापरलेलें सूत्र टिपून ठेवतां येतें.

पोथींत दुरुस्ती केली तर निराळी शाई, निराळें वळण किंवा हरताळाचा डाग तरी साक्ष देतो. घरांतील अंकास हस्ताक्षर नाहीं. मोजलेला ६१० व आपण घातलेला ६१० यांत दहा वर्षांनीं कोणासही भेद सांगतां येणार नाहीं. म्हणून त्याच मापाचा दुसरा रास्टर शेजारीं ठेवावा: मूळ अंक असलेल्या घरांत ०, भरलेल्या लोपांत १, जुन्या नकाशावरून घेतलेल्या घरांत २. नकाशा पुढें अन्य प्रक्षेपांत नेला तर शेजारच्या घरांची सरासरी काढून नवे अंक बनविले जाण्याचा संभव असतो. या साक्षीच्या थरास मात्र नजीकच्या घराचाच अंक घेण्याची आज्ञा द्यावी, नाहींतर ० व २ यांमधून निरर्थक १ निपजेल.

वासोट्यावरून खोऱ्यांतील अमुक वाट दिसत असे, असें प्रतिपादन करावयाचें असल्यास दृष्टिक्षेत्राचें गणित दोनदां करावें: एकदां भरलेल्या घरांची संभाव्य उंची अधिकांत अधिक धरून, एकदां कमींत कमी धरून. दोन्ही वेळां वाट दिसली तरच विधान लिहावें. एकदांच दिसली तर लेखांत दोन्ही निकाल द्यावे व साक्षीचा थरही सोबत छापावा.